बरगडीखाली चार बोटं

तीळ कापायला गेलो होतो मेतेम्याला,
खालच्या काळ्या मुलखात,
जिथं उन्हाळ्यात जमीन अशी फाटते
की विळा पडला तर परत दिसत नाही.
ठेकेदारानं मजुरी सांगितली, इंजेरा सांगितला,
निजायची जागा सांगितली नाही.
निजलो बाभळीखाली, उघड्यावर,
चौदा जण, एका ताडपत्रीवर.

डास निदान गुणगुणतो.
वाळूमाशीला आवाजच नाही.

घरी आलो ते पोतंभर तेफचे पैसे घेऊन
आणि आठ दिवसांचा ताप घेऊन.
ताप उतरला. पैसे संपले.
दोन पावसाळे गेले.

मग वुदे, माझी पाच वर्षांची,
शेळ्यांमागं धावायची थांबली.
हातापायांच्या काटक्या, पोट मात्र असं पुढं
जणू घरात ती एकटीच जेवते.
दवाखान्यात म्हणाले, मलेरिया.
गोळ्या संपल्यावर पुन्हा म्हणाले, मलेरिया.
आमच्या डोंगरावर दुसरा ताप कुणाला ठाऊक होता?
मी तिला खांद्यावर घालून मर्यामच्या झऱ्यावर नेलं,
सात पहाटा डोक्यावर गार पाणी ओतलं.
कुडकुडत म्हणाली,
"अब्बा, पाण्याला सांग ना, पुरे."

शेजारच्या अयाल्नेहचा मुलगा तोवर गेला होता.

सिस्टर अस्नाकेच खालच्या मुलखात नोकरी करून आलेली.
तिनं वुदेच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला
आणि बोलता बोलता गप्प झाली.
बोटाला टोचलं. थेंब. कागदाची चिंधी.
आम्ही तिघं तिच्याकडं बघत बसलो,
दूध उतू जाईल म्हणून बसतात तसे.
एक लाल रेघ आली. मग दुसरी.
"काळा आजार," ती म्हणाली. "इतक्या वर कसा आला?"

मी बोललो नाही.
जीव तीळ तीळ तुटणं म्हणजे काय
ते तिळाच्या शेतात कळलं नव्हतं.

सतरा दिवस. रोज दोन सुया.
पहिल्या दिवशी सिस्टरनं बॉलपेननं
वुदेच्या पोटावर रेघ ओढली: पानथरी इथपर्यंत.
बरगडीखाली आठ बोटं.
चौथ्या दिवशी नवी रेघ, जरा वर.
सुईला वुदे रडायची,
रेघेला हसायची, गुदगुल्या व्हायच्या.
चार बोटं राहिली त्या दिवशी
तिनं भाजलेलं जव मागितलं, मूठभर, खारं.

रात्री मी विचारलं: मीच आणला का?
सिस्टर सिरिंजा मोजत होती.
"तू आणला असशील. दुसऱ्यानं आणला असेल.
माशी इथं होतीच, ओढ्याकाठच्या भेगांत.
हिशेब नंतर कर. आधी सांग,
ताडपत्रीवर कोण कोण होतं?"

तेरा नावं आठवली, माझ्यासकट.
चौदाव्यासाठी मी दोन डोंगर चाललो.

आता घरोघर जातो. म्हणतो,
पोराला उताणं निजवा, गुडघे वाकवा.
तळवा आधी काखेत धरून ऊब देतो.
बरगडीखाली मऊ लागलं तर कॉफी घेतो.
कडक लागलं तर कॉफी राहते,
मी फोन लागतो त्या टेकाडाकडं निघतो.
फवारणीच्या दिवशी म्हाताऱ्या कासेनं दार अडवलं,
धान्याला विष लागेल म्हणाली.
तिची सगळी पोती मी पाठीवर बाहेर काढली,
संध्याकाळी पुन्हा आत रचली.
बारीक विणीच्या जाळ्या वाटल्या.
त्यातली एक टाना सरोवरात मासे धरतेय, असं ऐकतो.

यंदाही ट्रक आला. पोरं चढली.
कुणाला अडवू? इथं मजुरी कोण देतं?
गाठोड्यागाठोड्यात जाळी खुपसली, म्हटलं,
परत आलात की आधी माझ्याकडं, मग आईकडं.
हसली.

घरी आलो तर वुदेनं शेळी आडवी पाडलेली,
कानामागं बॉलपेन,
एक हात शेळीच्या फासळ्यांखाली.
"अब्बा, हिला धर. मोजतेय मी."