पेव उघडताना

हळदीचं सतरावं पोतं,
एकसष्ट किलो दोनशे.
आकडा पुकारायला तोंड उघडलं
आणि आवाजच आला नाही.

सांगली, मार्केट यार्ड, दुपारचे पावणेबारा.
समोर इलाही मुजावर, वहीवर पेन्सिल टेकवून,
'बोल की लेका, किती?'
मी मरतोय
आणि याला अजून कळलेलं नाही.

हातांना मुंग्या. ओठ परक्याचे.
बंद शटरवर आतून कुणी
मुठी मारत सुटलेलं.

रिक्षा. मिरज. ईसीजीची पट्टी
हुशार पोराच्या अक्षरासारखी नीट.
'हार्ट चांगलंय तुमचं.'
हे ऐकून मला लाज वाटली.

डॉक्टर ऐनापुरेबाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या,
औषधाच्या पाकिटामागे त्यांनी मेंदू काढला.
फार साधला नाही, फ्लॉवरचा गड्डा झाला.
मध्ये एक बदाम. भीती इथंच राहते असं समजायचे, म्हणाल्या.
मग पेन खाली घसरलं, देठाकडे,
मान सुरू होते तिथं.
इथल्या काही पेशींना एकच काम,
हवा बिघडली का ते हुंगत बसायचं.
ज्यांचा बदाम आजारानं गेला,
जी माणसं सापाला हात लावून हसतात,
त्यांनाही कोंदट हवा हुंगवली
तर तोंडावरचा मास्क ओरबाडतात.
'तुमचा पहारेकरी जरा जास्तच जागा आहे.'

म्हटलं, बाई, हे मी बघितलंय.

हरिपुरात सिदूआण्णा पेव उघडायचा.
तोंडावरची माती काढली की
दिवसभर कुणी आत डोकवायचं नाही.
वीस फूट अंधार, तळाशी हळद झोपलेली,
तिनं सगळी हवा पिऊन टाकलेली.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
पेटता राहिला तर माणूस.
विझला तर उद्या.

एकदा विझला. मी आठ वर्षांचा.
आवाज नाही, वास नाही,
नुसतं होतं ते नव्हतं झालं.
आण्णानं दोर तसाच हातात ठेवून विडी पेटवली.
'ह्याला खोटं बोलता येत नाही बघ.'

माझा कंदील खोटं बोलतो, बाई.
उघडं यार्ड, वारं सुटलेलं, पत्रे वाजतायत,
आणि मानेच्या वर कुणीतरी ओरडतं,
विझला, विझला, वर ओढा!
सगळं अंग दोराला लागतं.
छाती ओढते, हात ओढतात,
देठात एक निळा ठिपका आहे म्हणालात ना,
तो तर गावभर दवंडी देतो.
खाली उतरलंय कोण
हे कुणी विचारत नाही.

बाई थोडा वेळ गप्प. पाकीट उलटं करून गोळ्या लिहिल्या.
'पळू नका. श्वास सोडताना मोजा.
मोजायची सवय आहेच तुम्हाला.'

अजून येतं, आठवड्यातून एखाद्या वेळी.
काट्यावरचा आकडा पाण्यात पडल्यासारखा हलतो.
मी खांबाला टेकतो.
इलाही पेन्सिल कानाला खोचतो, माझ्याकडे बघत नाही,
व्यापाऱ्याला म्हणतो, थांबा, काटा स्थिर होऊ दे.

हरिपूरची बरीच पेवं पुरात खचली.
आण्णा त्याच्या आधीच गेला.
मला त्याच्या विडीचा तेवढा वेळ आठवतो,
दोर हातात, कुठं जायची घाई नाही.

काल पहिल्यांदाच
कंदील विझलेला असताना
मी अठरावं पोतं चढू दिलं.