मानलेला एक वॉट

उद्यमनगरात, साच्यांच्या दुकानावरच्या खोलीत,
खाली रंधा चालला की माझा माऊस थरथरतो.
पडद्यावर पितळी भोंगा, अजून न ओतलेला,
त्याच्यामागे चौकोनी नळी,
आणि नळीच्या तोंडावर मी बसवतेय पोर्ट:
लाल चौकट, नखाएवढी.
इथून लहर आत जाईल.
जाईल म्हणजे, जायला हवी.

काल गेली नाही.
आलेख सपाट, शून्याला चिकटून:
जेवढं दिलं तेवढं दारातूनच परत.
मकानदार सर म्हणाले, "फट शोधा."
सकाळी सापडली. नळी आणि पोर्टमध्ये
दोन शतांश मिलिमीटर रिकामी हवा.
ती मिटवली, तर आलेख शून्याच्याही वर चढला.
दिल्याहून जास्त परत!
आमच्या गल्लीतल्या भिशीतसुद्धा असं होत नाही.

अकराला आण्णा आले, पाटबंधारेच्या कचेरीतून,
पेन्शनचा कागद पिशवीत, सही अजून नाही.
एकतीस वर्षं भोगावतीच्या बंधाऱ्यावर
बरगे घातले, बरगे काढले,
पट्टीवरचे आकडे वहीत उतरवले.
स्टूल ओढून बसले. "दार कुठं हाय ह्याचं?"
दाखवलं.
"आन् दाराला लागूनच वळण?
तिथं पाणी खुळं असतंय. तिथं माप घेऊ नगं.
धा-बारा पावलं सरळ वाहू दे, मग शहाणं होतंय."

नळी मागे लांबवली. पंचवीस मिलिमीटर, सरळ.
पोर्टवर पहिला मोड उमटला:
बाण मधोमध लांब, कडेकडेला आखूड,
भिंतीशी नाहीतच.
आण्णांनी चष्मा कपाळावर नेला.
"काठाला थांबलेलं, मधी धावतंय. नदीच की."
नदी नव्हे, असं मी म्हणाले नाही.

"आत काय सोडतीस?"
"एक वॉट."
"कुणाकडनं?"
"कुणाकडनंच नाही. मानलेला."
"मानलेला म्हंजे जास्त जपायला लागतंय."

गणित चालू राहिलं. चहा आला,
बशीत ओतला, सायीसकट गेला.
आलेख उतरू लागला: वजा नऊ, वजा चौदा,
चोवीस गिगाहर्ट्झला एक डोह, वजा सत्तावीस.
लहर गेली. दारातून काही परत आलं नाही,
म्हणजे जवळजवळ नाही.

"बसवणार कुठं?"
मी की-बोर्ड पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.
"बंधाऱ्यावर, खाली तोंड करून. पाण्याची उंची मोजतं.
पहिला बंधारा..."
"आमचाच."
"तुमचाच."
पट्टी वाचायला माणूस लागणार नाही, हे वाक्य
टेंडरच्या तिसऱ्या पानावर आहे.
त्या स्टुलापर्यंत ते आणायची गरज पडली नाही.

"रातचं दिसतंय ह्याला?"
"दिसतं. पावसातही. धुक्यातही."
"मग बरं. मला रातचं कधी नीट दिसलं न्हाई.
अंदाजानं लिवायचो."
खाली रंधा थांबला होता.
एकतीस वर्षांच्या वह्या, आणि हे आज.

जाताना जिन्यात वळले.
"पाणी चढलं की खालच्या गावात
सिद्राम गुरवाला उठवायचो मी. त्येला कोण उठवणार?"

त्याला दुसरं पोर्ट लागेल, मी म्हणाले.
ते अजून काढलेलं नाही.