बाद

एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी एकच काम केलं,
चूक शोधली.
शीट उजेडाकडे धरायची, नजर डावीकडून उजवीकडे,
शाई फाकली, रेघ हलली, आठाचं पोट भरलं
की निळ्या पेन्सिलीनं फुली. बाद.
बाद कागदाचं पुढे काय होई ते आमच्या खात्याकडे नव्हतं.
भोंगा झाला की फाटकावर झडती,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं,
पोळीची घडीसुद्धा उलगडून बघायचे.

आता दुपारी वरच्या मजल्यावरून यामिनी पगारे उतरते.
काका, डोळे उसने द्या.

अंबडच्या भंगारातून तिनं किलोवर आणल्यात
लग्नांच्या कॅसेटी, बुरशी धरलेल्या.
लेबलावर बॉलपेननं चि. सौ. कां.
आणि पुढे नुसता पाण्याचा डाग.
एकीत लग्नावरच कुणीतरी क्रिकेट भरलंय.
जाहिरात लागली म्हणून बटण बंद केलं असेल,
परत दाबेपर्यंत टेप थोडी पळाली,
तेवढं लग्न वाचलंय.
सात सेकंद.

मांडवात एक बाई. हातात अक्षतांचं ताट.
शूटिंगवाल्याचा लाइट तोंडावर येतो,
ती दुसरा हात डोळ्यांवर धरते,
मग पांढरी रेघ, मग ओव्हर सुरू.

त्या सात सेकंदांची यामिनी चार मिनिटं करते.
सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दोन हजार आठशे ऐंशी.
हिशेब मी तोंडी केला, तिला मोबाईल लागला.
बिटकोवर झेरॉक्स, मग प्रत्येक कागदावर
कात, बुटाचं पॉलिश, कुंकू,
मामाच्या द्राक्षबागेतून आणलेलं मोरचूद,
कुठे सँडपेपर, कुठे नुसती नखं.
वाळले की पुन्हा एकेकाचा फोटो.

मी गठ्ठे लावायचो. अंगठा अजून चालतो.
आणि हाताला खोड, खराब दिसला की फुली.
तिनं माझे फुलीवाले वेगळे काढले
आणि तेच घेतले.
चांगले रद्दीत.

दोन दिवस मी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी विचारलं, ही बाई कोण असेल गं?
म्हणाली, कोण ते नका बघू काका,
कशी हलते बघा.
मी बघितलं. मोरचुदाचा निळा तिच्या कोपरापासून
बोटांपर्यंत चढत होता, थांबत होता, परत चढत होता,
आणि ताटातली एकही अक्षता खाली पडत नव्हती.

देवळाली गावात एका बंद पिठाच्या गिरणीत
भिंतीवर दाखवलं. सतरा माणसं,
त्यातली तीन माझ्या भिशीची.
स्टेडियमचा गलका तिनं इतका संथ केलेला
की दसकच्या पुलाखालून पूर चाललाय असं वाटे.
खैरनार म्हणाले, ह्यात स्टोरी कुठाय?
यामिनी चिवडा खात राहिली.

एकोणीसशे चौदा नंबरचा कागद
मोजताना गहाळ झाला असं मी तिला सांगितलं होतं.
त्यात हात जरा घसरलाय.
एक डोळा उघडा, लाइटवाल्याच्या मागे
काहीतरी बघणारा.
तो माझ्या शर्टाच्या खिशात होता, चार घड्या करून,
गिरणीत बसलो होतो तेव्हाही.
एकतीस वर्षांत मी कागदाचा कपटा बाहेर आणला नाही.

दुसरा कागद करता आला असता तिला.
केला नाही. तिथे काळं सोडलंय.
सेकंदाचा बारावा भाग,
पापणी लवावी तेवढं.
कुणाला दिसलं नाही.
मी नेमका तिथेच बघत होतो.

दिवे लागले. पिठाचा वास, खुर्च्यांची खरखर.
दाराशी यामिनी उभी होती,
कुणाच्या तरी चपला शोधून देत.
मी जवळ आलो
आणि सवयीनं माझे दोन्ही हात वर गेले.