शिफ्टची वही

चिलिलाबोम्ब्वे. गावाच्या नावातच बेडूक ओरडतो,
आणि खाणीत तांब्याआधी पाणी लागतं.
नऊशे मीटर खाली
सात पंप रात्रंदिवस ते वर फेकत असतात.
मुतिंता हमूंगा, वय सत्तावीस,
त्या सातांची इंजिनिअर.

तिची वही बघत राहावी अशी.
पट्टीने आखलेल्या रेघा, निळी शाई,
दशांशचिन्हानंतर नेमके दोन आकडे.
त्या संध्याकाळी तिने लिहिलं:
'पंप ३. कंपन सेकंदाला ७.१० मिलिमीटर, मर्यादेलगत.
बेअरिंगच्या तापमानात वाढीचा कल.
निरीक्षण आवश्यक.'
खाली सही, सहीखाली तारीख.
एक अक्षर चुकीचं नव्हतं.

म्वापेने ते रात्री दहाला वाचलं.
त्याला 'मर्यादा' दिसली, हायसं वाटलं.
निरीक्षण तर तो करतच होता,
बाकावर बसून, दर तासाला एकदा.
पंप होता जागेवर.

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात.
पण पहाटे चार वाजता, नऊशे मीटर खाली,
कोण असतं शहाणं?

बेअरिंग गेलं.
पाणी आधी बुटात आलं, मग गुडघ्याला,
मग दिवे गेले, आणि अंधारात
म्वापे चाचपडत झडपेपर्यंत पोचला.
झडप बंद झाली.
तो वर आला तेव्हा
डाव्या हाताला करंगळी नव्हती.

चौकशीच्या खोलीत एक पंखा, पाच माणसं.
'तुम्ही कळवलं होतं?'
'हो. लेखी.'
तिने वही पुढे सरकवली.
त्यांनी वाचली, माना डोलावल्या.
कागद निर्दोष सुटला. तीही सुटली.

बाहेर जॅकरांडाखाली सिकाझ्वे उभा होता,
एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेला.
तो रागावला असता तर बरं झालं असतं.
एवढंच म्हणाला,
'पोरी, तू वहीला सांगितलंस.'

कळ म्हणजे बटण. ती बोटाने दाबायची.
कळ म्हणजे दुखणं. ती नसलेल्या बोटातही येते.
आणि कळणं, कळवणं?
ते कितव्या सेमिस्टरला होतं?
तिला द्रवगतिकीचे सगळे पेपर आठवले,
बाहेरून आलेल्या परीक्षकाचा टायसुद्धा.
हे काही आठवेना.

रविवारी ती म्वापेकडे गेली.
मक्याच्या पिठाची पिशवी दारातच ठेवली,
माफीचं वाक्य घोकून आली होती, ते विसरली.
आणि विचारलं ते भलतंच:
'पंप बिघडायला लागला की तुला कसं समजतं?'

चार वर्षांत तिने त्याला फक्त आकडे विचारले होते.
म्वापे तासभर बोलला.
घासात खडा आल्यासारखा वाजतो आधी.
मग वास बदलतो, जळक्या शेंगदाण्याचा.
मग जमीन तळव्यांना गुदगुल्या करते,
पण जाड मोजे घातलेत तर नाही.
ती दक्षिणेकडची, तिची बेम्बा अर्धीमुर्धी,
म्हणून अवघड शब्दाशी तो थांबायचा,
तिच्या चेहऱ्याकडे बघायचा,
आणि दुसरा शब्द शोधून आणायचा.

ते तिने पाहिलं. ते थांबणं.

आता वहीत रेघा वाकड्या असतात.
आकडे आहेत, पण त्यांच्याआधी हे:
'म्वापे, तीन नंबर खडे चघळतोय.
दर अर्ध्या तासाने कानाने ऐक.
चहाचा पत्र्याचा मग त्याच्या अंगावर ठेव,
पाच मिनिटांनी उचलून बघ.
हातात धरवला नाही तर पंप बंद कर, आधी बंद कर,
मग मला उठव. कितीही वाजलेले असोत.'
आणि वाचून दाखवल्याशिवाय
ती लिफ्टकडे वळत नाही.
पोरं हसतात. हसू देत.

काल साडेतीनला फोन वाजला.
ती उठली, बूट शोधत, छाती धडधडत.
'मॅडम, मग धरवतोय.'
'मग फोन कशाला केलास?'
पलीकडे सातही पंप एकसुरात घुमत होते.
'काही नाही,' म्वापे म्हणाला,
'धरवतोय, हे सांगायला.'