पाव तास

हामरफेस्टला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही.
तोर्बियर्ग खिडकीवर कांबळं ठोकते.

मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी सुटली;
आता झोप पहाटे चारवरून अकरावर आणायची.
एकदम नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय:
चार दिवसांनी पाव तास.
गोळीची वेळ मात्र तीच, तिला हात लावायचा नाही.

मार्चमध्ये घाई केली होती तिने,
रात्रभर जागून दिवस एका दमात सुलटा करायला गेली.
भानावर आली ती फरशीवर, जीभ चावलेली,
डोक्याखाली शेजारच्या आयलिफचं जाकीट.
"दोन मिनिटं," तो घड्याळ बघत म्हणाला,
जसं काही अंडं उकडलं.

आज पावणेतीन.
बाहेर लख्ख उजेडात कुणी कुंपण रंगवतंय.
ती गळाची दोरी ओढत नाही,
नुसती बोटाला गुंडाळून पडून राहते.

भिंतीपलीकडे आयलिफ घोरतो,
मेला, अकरापासून.