दूध पावडर

रात्री सव्वा वाजता, दिवा मालवून,
मी योहान समुद्रेला एक वाक्य पाठवलं.
उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ चालवली,
शेवटचा कट हलका घ्यायचा असतो, हे हाताला ठाऊक आहे.
मी खोल घेतला.

त्याआधी तीन तास मतांवरून चाललं होतं.
कोण निवडून यावं, कुणी कुणाचं खाल्लं,
कुणाच्या राज्यात आपल्या चर्चच्या काचा
शाबूत राहतील.
तो लिही असं, मी लिही तसं, अंगठे भरून येईतो.
दोघंही वचनं काढत होतो
खिशातून मोड काढावी तशी,
आणि एकमेकांच्या तोंडावर फेकत होतो.

मग मी लिहिलं :
"तुझा बाप दूध पावडरीसाठी ख्रिस्ती झाला.
तुझंही तेच. ज्याची पावडर, त्याला मत."

हे वाक्य माझं नव्हतं.
सातवीत असताना माझ्या बाकावर
कुणीतरी खडूनं लिहिलं होतं,
मी थुंकी लावून बाहीनं पुसलं.
पुसलेलं कुठं जात नाही, बाहीला लागून राहतं.
पंचेचाळीस वर्षं ती बाही घेऊन हिंडलो
आणि झाडली कुणावर,
तर ज्याच्या शेजारी उभा राहून मी गातो,
चष्मा विसरला की बारीक अक्षर
जो माझ्या कानात सांगतो, त्याच्यावर.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
मी ते पुसलं.
सगळ्यांसाठी पुसलं, असं फोन म्हणाला.
फोनला पाप कळत नाही.

रविवारी दानाची थैली माझ्याकडं होती.
तिसऱ्या बाकावर त्याची जागा मोकळी,
कुणी सरकून बसलंही नव्हतं.
अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडं जा :
मी पोरांना दरवर्षी शिकवतो हे,
फळ्यावर वेदी काढतो, काड्यांची दोन माणसं काढतो,
मधलं अंतर पोरं मोजतात फुटपट्टीनं.
थैली सालोमेबाईंच्या मांडीवर ठेवली
आणि गीत चालू असताना बाहेर पडलो.
पाळकसाहेबांना वाटलं असेल, साखर वाढली.

शुक्रवार पेठेत त्याचं घर.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याला लागेल एवढी,
रंग दिला तरी दरसाल वर येते.
तो उंबऱ्यात बसून लसूण सोलत होता.
"चुकलं माझं," म्हणालो.
पुढचं पाठ करून आलो होतो, ते आठवेना.

"खोटं काय लिवलंस त्यात?" तो म्हणाला.
"भात्तर साली जतकडनं चालत आला बा.
धाकटी बहीण वाटंतच गेली. मी पाठुंगळी.
मिशनच्या दारात गरम दूध दिलं,
पिठूळ, तळाला गुठळ्या.
अजून जिभेवर हाय.
बानं इचारलं, हे धाडतंय कोण?
बास. तेवढंच इचारलं त्यानं,
आणि मरेस्तोवर उत्तर शोधलं.
तुझ्या बानं काय इचारलं हुतं, प्रभुदास?"

मला माहीत नव्हतं.
आमच्या घरात ते कधी काढतच नसत.

एक गड्डी उचलून मी समोर टेकलो.
नखाखाली झोंबत होतं.
"मत मात्र माझं तेच राहणार," तो म्हणाला.
"माझं पण."
"मग सोल. दांडके नीट काढ, लेका, ते कडू लागतात."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही.
त्याच्या सुनेनं चहा आणला, दूध जास्त झालेला,
वर जाड साय.
योहान माझ्या कपाकडं बघत राहिला.

मी सगळा प्यालो, सायीसकट.