बुदाइची सुरी

ओहोटी लागली की जैतापूरच्या खाडीत
खडक उघडे पडतात, काळे, खरबरीत,
आणि बायका पाट्या घेऊन उतरतात कालवांना.
तीस वर्षं त्यांत शेवंती होती.
मी मचव्यावर, इंजिनापाशी, डिझेलच्या वासात.
कालवं मला ठाऊक ती ताटातली.

गेल्या फाल्गुनात पोरीनं तिकीट धाडलं.
तिचं सासर तैवानात, बुदाइ म्हणून गाव.
उतरलो तर पहिला वास सुकत घातलेल्या मासळीचा.
म्हटलं, मग एवढा वेळ विमान उडत होतं ते कुठे?

व्याही कालवांची शेती करतो.
शेती! पाण्यात बांबू रोवून दोरीला शिंपा टांगायच्या,
आपण पडवळाला दगड बांधून सोडतो तशा.
विहीण, श्यू-मेई, दारातच बसते,
पुढ्यात ढीग, बाजूला रेडिओ.
दुसऱ्या दिवशी तिनं मला रिकामा बघितला
आणि हातात सुरी दिली. एक मोजा दिला. स्टूल सरकवलं.
बोलणार काय? तिच्याकडे माझी भाषा नाही, माझ्याकडे तिची.
रसिका आतून हसली, बाबा, आता सुटका नाही.

सांगतो, कालव उघडत नाही.
बिजागरी कुठे ते डोळ्याला दिसत नाही,
बोटाला कळावं लागतं.
पहिल्या तासात पाच. त्यातली दोन फाटली.
अंगठ्यातून रक्त आलं तेव्हा
तिनं आपला अंगठा पुढे केला, वळच वळ.
ते वळ आधी कुठे पाहिले होते
हे आठवायला मला अख्खी रात्र लागली.

जेवणाचं म्हणाल तर
बोयीची गाबोळी, वाळवून, पातळ कापून,
मुळ्याच्या चकतीवर; तिचा भाव ऐकून मी हळू चावलो.
सुपारी कोवळी, हिरवी, पानात चुन्यासकट;
कानशिलं तापली, व्याही खूश.
आणि तव्यावर कालवं, रताळ्याचं सत्त्व, अंडं, पाला,
वरून लाल रस. गोड.
कालवांवर गोड!
मी पोरीकडे बघितलं. ती बोटं चाटत होती.
चौथ्या दिवशी रस मीच मागून घेतला.

मग देऊळ. माझू, दर्याची देवी,
तोंडापुढे मण्यांच्या मुंडावळ्या,
गेलेल्यांना परत आणते म्हणे.
लाल लाकडाच्या दोन कोरी हातात दिल्या.
मनात विचारायचं आणि टाकायच्या.
एक उपडी, एक उताणी, तर हो. दोन्ही उपड्या, तर नाही.
अरे, हा तर कौल!
आमच्याकडे गुरव लावतो, डावा की उजवा.
एवढ्या लांब येऊन देव तसाच निघाला,
उत्तर लाकडावर सोडून देणारा.

काय विचारलं ते कोणाला सांगितलं नाही.
टाकल्या. दोन्ही उताण्या.
श्यू-मेईनं तोंडावर हात धरला.
रसिका म्हणाली, बाबा, देवी हसली.
म्हणजे प्रश्न नीट नाही,
नाहीतर उत्तर तुम्हालाच माहीत आहे.

आता ओहोटीला मीही उतरतो.
पोरीबाळी पहिले चार दिवस हसल्या, मग विसरल्या.
माळ्यावर शेवंतीची कोयती सापडली,
मूठ झिजून तिच्या मुठीएवढी झालेली.
माझा हात तीत बसत नाही.
म्हणून ही बुदाइची सुरी.

काल तवा ठेवला. रताळी किसून, पिळून,
निवळ खाली बसेपर्यंत थांबलो.
लाल रस नव्हता. आगळात गूळ घातला, मिरची वाटली.
उलटताना मोडलं.
शेजारची हलिमाबी कुंपणावरून,
'काय वो, काय रांधलाव?'
म्हटलं, नाव मलाही नीट येत नाही,
आणि धड निघालेला अर्धा
वाटीत घालून तिच्याकडे दिला.

वाटी अजून आली नाही.